ऑफिसचा सायकलरस्ता: आधी चौक बघा, मग गल्ल्या

मोटारीने किंवा बसने ज्या रस्त्याने जायची सवय असते, बहुतेक जण पहिल्या दिवशी त्याच रस्त्यावर सायकल घालतात. पंधरा दिवसांत ती पुन्हा जिन्याखाली जाऊन बसते. दोष सायकलीचा नसतो. तो रस्ताच इंजिनाच्या सोयीने निवडलेला असतो. सायकलीचा हिशेब निराळा असतो. ताशी १८ किलोमीटरच्या निवांत वेगाने जास्तीचा एक किलोमीटर ३ मिनिटे २० सेकंद घेतो, तेवढा सहज परवडतो. परवडत नाही तो जीव मुठीत धरून ओलांडावा लागणारा एखादा चौक. सात किलोमीटर छान आणि पन्नास मीटर भयंकर असा रस्ता रोजच्या वापरात टिकत नाही, कारण सकाळी घरातून निघताना आठवतात ते नेमके पन्नास मीटरच.

म्हणून शोध घरापासून सुरू करू नका. घर आणि ऑफिस यांच्यामध्ये आडवे काय येते, तिथून सुरू करा.

आडव्या रेघा

नकाशावर घर ते ऑफिस अशी सरळ रेघ मारा. तिला छेदणाऱ्या मोठ्या गोष्टी अधोरेखित करा: नदी किंवा मोठा नाला, रेल्वेमार्ग, महामार्ग, चौपदरी रस्ता, भिंत घातलेला कारखाना किंवा विमानतळ. अशा अडथळ्यांची संख्या बहुधा दोन ते चार भरते. आता प्रत्येक अडथळा सरळ रेघेच्या दोन्ही बाजूंना एक-एक किलोमीटरपर्यंत कुठे कुठे ओलांडता येतो, ते सगळे शोधा. पूल, भुयारी मार्ग, पादचारी पूल, फाटक, सिग्नलचा चौक, दुभाजकातली फट, काही म्हणजे काही सोडू नका. प्रत्येक अडथळ्यातून एक-दोन चांगल्या जागा निवडा आणि मग त्या जागा गल्ल्यांनी जोडा. गल्ल्यांमध्ये पर्याय भरपूर असतात, पुलांमध्ये नसतात.

ओलांडायची जागा पारखताना पुढच्या गोष्टी बघा.

सिग्नल नसलेला रस्ता ओलांडायचा असेल तर साधे गणित आहे. थांबलेल्या सायकलीवरून ७ मीटर रुंद रस्ता पार करायला, निघायचा एक सेकंद धरून, सुमारे ६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ५० ने येणारी गाडी ८३ मीटर पुढे येते. म्हणजे उभ्या जागेवरून त्या बाजूला किमान ८५ मीटर मोकळे दिसले पाहिजे. मध्ये वळण, झाड किंवा कायम उभा असलेला ट्रक येत असेल तर ती जागा यादीतून काढा. ‘सांभाळून जाऊ’ या भरवशावर ती ठेवू नका, कारण जे दिसतच नाही ते सांभाळणार कसे?

दुभाजकातल्या फटीत थांबून दोन टप्प्यांत ओलांडणे सोपे पडते, पण त्यासाठी दुभाजक पुरेसा रुंद हवा. सायकलीची लांबी साधारण १.८ मीटर असते. दुभाजक २ मीटरपेक्षा अरुंद असेल तर पुढचे चाक पुढच्या लेनमध्ये डोकावते, नाहीतर मागचे चाक मागच्या लेनमध्ये राहते. अशा ठिकाणी माणसे सायकल तिरपी करून उभी राहतात आणि मग निघताना आधी हँडल सरळ करण्यात दोन सेकंद घालवतात. पावले मोजून बघा: मोठी अडीच-तीन पावले रुंदी मिळाली तर ठीक.

पादचारी पूल नकाशावर मोहात पाडतो. पायऱ्या असतील तर बॅग-कुलपासह सायकल उचलून चढवायला लागते. महिन्यातून एकदा जमते, रोज नाही. पायऱ्यांच्या कडेला चाकासाठी खाच असेल तर ती भिंतीला किती चिकटून आहे ते बघा. फार जवळ असली तर हँडल आणि पॅडल कठड्याला घासत राहतात. लिफ्ट असेल तर सायकल आत मावते का, हे टेपने मोजलेले बरे.

भुयारी मार्गात दोनच प्रश्न: पाणी साचते का, आणि दिवे लागतात का. पहिल्याचे उत्तर भिंतीवर मिळते. पाणी जिथवर चढते तिथे मातीची आडवी रेषा राहिलेली असते.

रेल्वेचे रूळ तिरपे येत असतील तर सायकल वळवून ती शक्य तितकी काटकोनात न्यावी लागते, नाहीतर पुढचे चाक रुळालगतच्या खाचेत अडकते. ओल्या रुळावर तर तिरपे चाक न अडकताही सटकते. असे वळण घ्यायला मागच्या वाहनांमुळे जागा मिळणार नसेल तर ते फाटक नको. फाटकाचा आणखी एक तोटा म्हणजे अनिश्चितता. एखाद्या दिवशी शून्य मिनिटे, दुसऱ्या दिवशी सहा. ऑफिसची वेळ कडक असेल तर रोज सहा मिनिटे आधी निघावे लागते, म्हणजे ती सहा मिनिटे रोजच खर्च झाली.

उड्डाणपुलावर चढाच्या त्रासापेक्षा जास्त घातक असतात ते बाजूला फुटणारे आणि येऊन मिळणारे रस्ते. तिथे वाहने वेग वाढवत तुमच्या आडवी जातात. पुलाखालचा सिग्नलचा चौक कंटाळवाणा वाटला तरी तोच घ्या.

नकाशावरचे काम

कोणताही एक नकाशा पुरत नाही. गूगल मॅप्समध्ये सायकलचा पर्याय बऱ्याच शहरांत मिळतो, पण सगळीकडे नाही. तो नसेल तर पायी जाण्याचा रस्ता मागा, मोटारीचा नको. पायी रस्त्यात ते बोळ दिसतात जे मोटारीसाठी ‘पुढे रस्ता बंद’ असतात आणि सायकलीसाठी नसतात. खांब रोवलेली गल्ली, बागेचे फाटक, सोसायटीच्या मागची वाट या असल्या जागा मिळाल्या की रस्ता एकदम बदलतो, कारण जिथून मोटारी आरपार जाऊ शकत नाहीत तिथे फक्त तिथलीच वाहने असतात.

ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला खुला नकाशा २००४ पासून वाढतो आहे. त्यात रस्त्याचा पृष्ठभाग, एकेरी वाहतूक, खांब, पायऱ्या, दिवे अशा नोंदी असतात. कुणी भरल्या असतील तर. सायक्लओएसएम हा त्याच माहितीचा सायकलीसाठी रंगवलेला अवतार. बीराउटर या मोफत साधनात घर-ऑफिस टाकल्यावर चढ-उतार धरून रस्ता मिळतो आणि नकोशा चौकाभोवती वर्तुळ काढले की तो चौक वगळून दुसरा रस्ता मिळतो. हे वर्तुळ फार कामाचे आहे. तुमच्या यादीतले दोन-तीन वाईट चौक आधी वर्तुळात घाला आणि मगच रस्ता मागा.

स्ट्रावा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपच्या हीटमॅपमध्ये लोक कुठून सायकल चालवतात ते तेजस्वी रेघांनी दिसते. जपून वापरा. त्यात व्यायामासाठी पहाटे, सुट्टीच्या दिवशी, रुंद मोकळ्या रस्त्यावरून वेगात जाणारे बरेच असतात. पहाटे साडेपाचचा महामार्ग आणि सकाळी साडेनऊचा महामार्ग हे एकाच नावाचे दोन रस्ते आहेत. उलट, दाट वस्तीतल्या एखाद्या बोळात फिकट का होईना पण रेघ दिसली, तर तिथून कुणीतरी रोज कामावर जाते असे समजायला हरकत नाही.

चढाच्या आलेखावर डोळे मिटून विश्वास नको. अनेक साधने उंचीसाठी २००० साली अंतराळयानातून घेतलेल्या रडार मोजणीवर अवलंबून असतात. त्या मोजणीचा चौकोन सुमारे ३० मीटरचा असतो आणि तिला पूल कळत नाही. म्हणून नदीवरचा सपाट पूल आलेखात दरीत उतरून परत चढताना दिसतो, आणि दाट इमारतींमधली सपाट गल्ली टेकड्यांसारखी. आलेखात पुलाच्या किंवा खोदलेल्या रस्त्याच्या जागी टोकदार खड्डा किंवा सुळका दिसला तर तो खोटा समजा.

रुंदी: मोठा रस्ता म्हणजे वाईट, असे नाही

सायकलस्वाराला थोडे डुलायला धरून १ मीटर जागा लागते. ओव्हरटेक करताना मधले अंतर किमान १.५ मीटर हवे. बऱ्याच देशांत तसा कायदाच आहे. मोटार १.८ मीटर. बेरीज ४.३ मीटर होते, आणि कडेचा वाळू-गटारझाकणांचा अर्धा मीटर अजून धरलेला नाही. साधी लेन ३ ते ३.५ मीटरची असते. म्हणजे एका लेनमध्ये मोटार आणि सायकल शेजारी-शेजारी नीट मावत नाहीत. मागच्याला लेन बदलावीच लागते, आणि खरा प्रश्न एवढाच आहे की त्याला ती बदलता येते का.

यावरून एक उलटे वाटणारे अनुमान निघते. सर्वांत त्रासदायक रस्ता म्हणजे एकच लेन आणि मध्ये उंच दुभाजक. मागचा जाऊही शकत नाही आणि थांबायलाही तयार नसतो, मग अंगाला घासून काढतो. त्यापेक्षा प्रत्येक बाजूला दोन लेनचा रस्ता बरा, आणि दुभाजक नसलेली शांत गल्ली सर्वांत बरी.

कडेला उभ्या मोटारींची रांग असलेला रस्ता असेल तर हात आडवा पसरून बघा. बोटे मोटारीला लागत असतील तर तुम्ही तिच्या दाराच्या टप्प्यात आहात. दार उघडते ते साधारण एक मीटर. त्या टप्प्याबाहेर राहून सायकल चालवायला लेनमध्ये जागा नसेल, तर रांगेच्या लांबीइतका तो रस्ता बाद.

गतिरोधकांना नावे ठेवू नका. गल्लीत चार गतिरोधक असणे म्हणजे तिथून भरधाव कुणी जात नाही. वेग हाच मुख्य धोका आहे: कोरड्या रस्त्यावर, एक सेकंद प्रतिक्रियेचा धरून, ताशी ३० ची मोटार साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ताशी ५० ची जवळजवळ २८ मीटरमध्ये.

चढ आणि सिग्नल यांची किंमत

माणूस, सायकल, बॅग मिळून ९० किलो धरले तर १० मीटर उंची चढायला सपाटीवरच्या साधारण अर्ध्या ते पाऊण किलोमीटरइतकी मेहनत लागते. एकूण चढ ३० मीटर वाचत असेल तर दीड किलोमीटरचा वळसा दमछाकीच्या दृष्टीने महाग नाही. वेळेच्या दृष्टीने असू शकतो. ऑफिसमध्ये कपडे बदलायची सोय नसेल तर दमछाकीला जास्त वजन द्या, आणि चढ शेवटच्या किलोमीटरमध्ये येणार नाही असा रस्ता बघा. एकच लांब ३ टक्क्यांचा चढ सुसह्य असतो. तेवढीच उंची ८ टक्क्यांच्या दोन तुकड्यांत आली की सदरा पाठीला चिकटलाच.

सिग्नलवरचा सरासरी वेळ असा काढा: लाल दिव्याच्या सेकंदांचा वर्ग, भागिले पूर्ण चक्राची दुप्पट. लाल ६० आणि चक्र ९० सेकंदांचे असेल तर ३६०० भागिले १८०, म्हणजे २० सेकंद. थांबण्या-निघण्यात जाणारे पाचेक सेकंद धरून २५. आता ६.२ किलोमीटर आणि ९ सिग्नल असा एक रस्ता घ्या, आणि ७.४ किलोमीटर पण ३ सिग्नल असा दुसरा. ताशी १८ ने पहिला २० मिनिटे ४० सेकंद अधिक ३ मिनिटे ४५ सेकंद, म्हणजे २४:२५. दुसरा २४:४० अधिक १:१५, म्हणजे २५:५५. नकाशावर चार मिनिटांचा वाटणारा फरक प्रत्यक्षात दीड मिनिटाचा निघतो. वर सहा ठिकाणचा धूर वाचतो तो वेगळाच.

प्रत्यक्ष फेरी

पहिली फेरी सुट्टीच्या दिवशी, घाई नसताना. ती वाट पाठ होण्यासाठी आहे, रस्ता पारखण्यासाठी नाही. सुट्टीच्या दिवशी सगळेच रस्ते गुणी असतात. खरी परीक्षा कामाच्या दिवशी, नेहमीच्या वेळी. पहिल्या वेळी पंधरा मिनिटे आधी निघा, कारण एक वळण चुकणारच.

प्रत्येक रस्त्याच्या किमान चार-पाच फेऱ्या करा आणि वहीत तीनच आकडे लिहा. पहिला, दारापासून टेबलापर्यंतचा वेळ. त्यात कुलूप लावणे, पार्किंगमधून वर येणे सगळे धरा. दुसरा, किती वेळा जमिनीवर पाय टेकवावा लागला. तिसरा, किती वेळा दचकायला झाले. नोंद अशी दिसते:

«मंगळवार, कालव्याकडचा रस्ता. ३१ मि. पाय ७. दचक २ (शाळेसमोर रिव्हर्स येणारी व्हॅन, पेट्रोल पंपातून बाहेर पडणारा टेम्पो).»

कंसातले शब्द महत्त्वाचे. पाचव्या दिवशी वही उघडली की दिसते, दचकण्याच्या जागा त्याच त्याच आहेत. पेट्रोल पंप तीनदा आला असेल तर सगळा रस्ता टाकायची गरज नाही. पंपाच्या आधीचे वळण घेऊन पुढे परत रस्त्याला लागता येते का तेवढे बघा. रस्ता सुधारतो तो बहुतेक वेळा असा, दोनशे मीटरच्या ठिगळांनी.

वेळांची तुलना करताना सरासरी काढू नका. पाच आकडे चढत्या क्रमाने लावा, मधला बघा, आणि मग सर्वांत मोठा बघा. मधला आकडा सांगतो रस्ता केवढ्याचा आहे; सर्वांत मोठा सांगतो घरातून कधी निघायचे.

फेरीत फोन हँडलला लावून वळणे बघत जाणे टाळा. आवाजी सूचना एका कानात ठेवा, किंवा सरळ चिठ्ठीवर पाच वळणे लिहून ती हँडलला टेपने चिकटवा. दुसरी पद्धत जुनाट वाटते, पण चार्जिंग संपत नाही.

समोरच्या वाहतुकीला छेदून घ्यायचे वळण, म्हणजे वाहतूक डावीकडून चालते तिथे उजवे आणि उजवीकडून चालते तिथे डावे, रस्त्यात जितके कमी तितके चांगले. अपरिहार्य असेल तर दोन टप्प्यांत घ्या: सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबा, सायकल वळवा, आणि आडव्या रस्त्याच्या हिरव्या दिव्याबरोबर निघा. पाऊण मिनिट जास्त जाते, पण दोन लेन कापत मधोमध जाऊन उभे राहावे लागत नाही. त्या कोपऱ्यावर उभे राहायला जागा आहे का, की तिथे वाहने आतून वळतात, हे फेरीतच बघून ठेवा.

ट्रक आणि बस वळतात त्या चौकात जास्त सावध. मोठ्या वाहनाच्या कडेला, केबिनच्या पुढच्या चाकाशेजारी उभी असलेली सायकल चालकाला दिसतच नाही, आणि वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. ज्या चौकात रोज अशा वाहनाच्या शेजारी थांबण्याची वेळ येते, तो चौक वाईट.

ऊन, पाणी, अंधार

सूर्य खाली असताना स्वतःची सावली बघा. लांब सावली ज्या चालकाच्या दिशेने पडते, त्याच्या डोळ्यांत ऊन आहे. त्याला तुम्ही दिसत नाही आहात. सावली मागे पडत असेल तर धोका मागून येणाऱ्याकडून, पुढे पडत असेल तर समोरून येऊन तुमच्यापुढून वळणाऱ्याकडून. पूर्व-पश्चिम सरळ जाणारा वेगवान रस्ता यासाठी वर्षातल्या काही आठवड्यांत बदलावा लागतो.

पावसाळी रस्ता वेगळा ठेवा. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि चाकाच्या दिशेने उभ्या फटी असलेली गटाराची जाळी तर मुळीच नाही. कोरड्या दिवशी फिरताना अशा जाळ्या, लोखंडी झाकणे आणि पांढऱ्या पट्ट्यांचे मोठे पट्टे नकाशावर टिपा. ओले झाल्यावर तिघेही निसरडे. खडबडीत गल्लीमुळे छान रस्ता बाद होत असेल तर आधी टायर बघा. २५ मिलिमीटरच्या टायरवर जो रस्ता असह्य वाटतो तो ३५ ते ४० मिलिमीटरच्या, थोडी कमी हवा भरलेल्या टायरवर चालून जातो.

सकाळची गोड गल्ली रात्री साडेआठला अंधारी असू शकते. बागेची फाटके बंद होतात, आठवडी बाजार भरतो, राखणीचे कुत्रे सुटते. म्हणून परतीचा रस्ता हा जातानाच्या रस्त्याचा आरसा असावा असा आग्रह नको. चढ-उतार उलटतात, एकेरी गल्ल्या उलटतात, आणि सकाळी सोपे असलेले वळण संध्याकाळी छेदायचे होते. परतीसाठी पाच फेऱ्यांची वही वेगळी.

राहिले शेवटचे दोनशे मीटर, जे बहुतेक जण विसरतात. सायकल नेमकी कुठे लावायची आणि तिथे कोणत्या फाटकातून जायचे, हे पहारेकऱ्याला आधी विचारा. तळघराचा उतार गुळगुळीत असेल तर पावसात तिथे उतरून चाला. इमारतीला मागचे फाटक असेल तर शोधाची सरळ रेघ त्या फाटकापासून पुन्हा मारून बघा. आडवा येणारा शेवटचा चौपदरी रस्ता कित्येकदा तेवढ्यानेच टळतो.

पसंत पडलेले दोन्ही रस्ते जीपीएक्स फाइलमध्ये (नकाशाची साधने वाचू शकतात अशी रस्त्याची नोंद) जपून ठेवा, फाइलच्या नावात महिना घाला. खोदकाम सुरू झाले किंवा शाळा उघडल्या की पुन्हा तीन फेऱ्या, पुन्हा तेच तीन आकडे. आणि रस्त्यात दोन ठिकाणे अशी ठरवून ठेवा जिथून पंक्चर झाल्यास सायकल कुलूप लावून सोडता येईल आणि दुसरे वाहन मिळेल. तेवढे ठरलेले असले की नवा रस्ता धरताना छातीत धडधड कमी होते.